उचंत खाते

हेर्मी, तुझा पिवळ्या कागदांचा पॅड अजून माझ्याकडेच आहे.
सोळा पानं उरलीत, मोजली.

इलोइलोच्या या भाड्याच्या खोलीत
दोन वर्षं आपण एकाच पंख्याखाली कीर्द-खतावणी शिकलो.
पंखा तुझ्याकडे वळला की माझे कागद गप्प,
माझ्याकडे वळला की तुझे.
त्याचा घसारा काढून बघू म्हणालीस एकदा,
तर मूळ किंमत घरमालकिणीलाच आठवेना.
पालमारेस सर सांगायचे, सवय लावून घ्या,
एकाच्या नावे पडल्याशिवाय
दुसऱ्याच्या जमा होत नाही काही.
आपण मान डोलवायचो.
ते वहीपुरतं बोलत होते असं वाटायचं.

मग दारावर यादी लागली.
इथला हिशोब उलटा: आकडा जितका लहान तितकी मुलगी हुशार,
एक म्हणजे देवाच्या शेजारी,
पाच म्हणजे सामान बांधा.
रेष सव्वादोनवर होती.
मी दोन. तू अडीच.

पाव आकडा, हेर्मी.
बाजारात पाव किलोला सुकी मासळीसुद्धा
बाई वरून दोन टाकून देते.

तू रडली नाहीस.
कॅल्क्युलेटर काढलास, सरासरी पुन्हा मांडलीस,
तीनदा,
तिन्ही वेळा तेच.
"तेरीज जुळली," म्हणालीस आणि हसलीस,
आणि मी तुझ्याबरोबर हसले
याची मला अजून लाज वाटते.

मे महिन्यात मी होडीनं तुझ्या बेटावर आले.
गिमारासचे आंबे रस्त्याकडेला, तारेच्या जाळीमागे तुमचं दुकान,
जाळीमागे तू:
एक सिगारेट, अर्धा कप तेल, शाम्पूची पुडी,
आणि उधारीची वही खिळ्याला दोरीनं टांगलेली.
मला शहाणपण सुचलं.
म्हटलं, आण, नीट मांडून देते,
येणी वेगळी, संशयित येणी वेगळी.

तिसऱ्या पानावर तोनिंगदादा:
तांदूळ, सार्डिनचे दोन डबे, मेणबत्त्या.
तारीख चार वर्षांपूर्वीच्या वादळाच्या आदल्या दिवशीची.
त्यापुढे काही नाही.
मी पेन्सिल उचलली, "हे तर बुडीत..."
आणि शब्द तोंडातच राहिला,
कारण माणूस खरोखर बुडाला होता,
होडीसकट.

तुझी आई बरण्या पुसत होती. वर न बघता म्हणाली,
"त्याची बायको दर शनिवारी पाच पेसो देते.
देताना त्याचं नाव घेते.
खोडलं तर ती शनिवारी कुठे जाईल?"

वर्गात यावर तरतूद शिकवलेली नाही.
मी पुस्तकात शोधणार होते,
तेवढ्यात तू जाळीमागून म्हणालीस,
"आणि पाच पेसो म्हणजे पाच पेसो, बाई."
तिघीही हसलो. या वेळी मला लाज वाटली नाही.

आता रात्रीचे दोन वाजलेत. उद्या ऑडिटचा पेपर.
सरावाचं गणित घेऊन बसलेय आणि
तेरीज चोपन्नानं चुकतेय.
चोपन्नाला नवानं भाग जातो,
म्हणजे कुठेतरी दोन आकड्यांनी
एकमेकांच्या जागा घेतल्यात.
ही युक्ती तूच शिकवलीस,
पहिल्या सत्रात, जेवणाच्या रांगेत,
माझ्या तळहातावर त्रेसष्ट लिहून, मग छत्तीस लिहून.

सगळी खाती उलगडून पाहिली.
ते दोन आकडे सापडत नाहीत.
तुझ्या पिवळ्या पानावर,
पंखा वळून येईपर्यंत कोपर ठेवून,
फरक तात्पुरता उचंत खात्यात टाकतेय.
पुढे खुलासा लिहायची जागा असते.
तिथे तुझं नाव लिहिलं असतं,
पण सर विचारतील
हे येणं आहे की देणं.